क्रिमियाचा रंग आणि टिश्यूचं पाकीट

नकाशा रंगवायची वेळ आली की भल्याभल्यांचा कणा कुठे जातो, देव जाणे. "उगाच वाद नको" म्हणतात आणि जागा पांढरी सोडतात.

दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीत माझं आणि अनिकेतचं क्रिमियावर प्रेझेंटेशन होतं. क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, आम्ही इथल्या रिवाजाप्रमाणे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली आणि रांगेत उभे राहिलो. तिथे हा म्हणतो, "अगं, क्रिमियाला युक्रेनचा रंग कशाला दिलास? २०१४ पासून रशिया तिथे बसलाय. जो बसला त्याचं, विषय संपला."

म्हटलं, "क्रिमिया जमिनीच्या पट्टीनं युक्रेनलाच जोडलेला, नदीचं पाणीही कालव्यानं तिकडूनच यायचं. सोव्हिएत संघ फुटल्यावर ती सीमा रशियानंही मान्य केली होती. मी रंग बदलणार नाही."

"मग उद्या एकटीच बोल."

"बोलेन."

ट्रे घेऊन परतलो, तर आमच्या टेबलावर एक गृहस्थ निवांत नूडल्स खात होते. पाकीट खाली पडलेलं. अनिकेत उसळला, "एक्स्क्यूज मी, ही जागा आमची आहे!"

मी म्हटलं, "बसलेत ना ते? मग त्यांचीच. विषय संपला."

तेवढ्यात टेबलं पुसणाऱ्या आंटीनं पाकीट उचललं आणि त्या गृहस्थांच्या वाडग्याशेजारी आपटून इथल्या ठसक्यात म्हणाली, "अंकल, टिश्यू आधी होता. तुम्ही खाली ढकललात म्हणून टेबल तुमचं होत नाही, लाह!"