शांताराम पाष्टेचा बिल्ला

सरका जरा, जाळाकडं या. भात राखायचंय ना सगळ्यांना, मग झोपून कसं चालेल? मंग्या, तू असा समोर बस. तुझा परदेशी नोकरीचा विसा आलाय म्हणतात, तेव्हा ही गोष्ट तुझ्यासाठीच आहे. बाकीच्यांनी फुकटात ऐका.

तर ऐका. दिवस मावळून गेला होता, अंधार दाटला होता, आणि आम्ही दोघं निघालो होतो. मी आणि फोरमन शिगवण. कुठं? तर तिकडं, वाळवंटात, तेलाच्या प्लांटात. मी तिथं पिकअप चालवायचो. दिवसा कामाच्या गडबडीत पाण्याचा एक पंप चालूच राहिलेला, आणि तो बंद करायची जबाबदारी शिगवणची. सकाळी मोठ्या साहेबाला कळलं असतं तर त्याची धडगत नव्हती. म्हणून तो रात्रीचाच निघाला. रात्री एकट्यानं आत जायचं नाही असा नियम, म्हणून मला उठवलं. मी भात खाऊन लागलेली पहिली झोप मोडून उठलो बघा, शिव्या देतच.

आता ती जागा कसली, ते सांगतो. गाव नाही, झाड नाही, कुत्रं नाही. नुसती वाळू, आणि मधे प्लांट. भोवती एक कुंपण, त्याच्या आत दुसरं कुंपण, वर काटेरी तारा. बंदूकवाले शिपाई. पहाटे अंधारात बस यायची, आम्ही डबा घेऊन चढायचो. गेटावर मोबाइल काढून ठेवा, काडेपेटी काढा, बूट काढा, खिसे उलटे करा. आम्ही काय चोर होतो? पण रोज तेच. संध्याकाळी बाहेर पडताना परत तेच. तुरुंगातल्या माणसाला निदान भेटायला कुणी येतं तरी.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो बिल्ला. ऐकतोयस ना, मंग्या? प्रत्येकाचा पितळेचा बिल्ला, त्यावर नंबर. आत जाताना गेटावरच्या फळीला लावायचा. बाहेर येताना काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. फळी रिकामी झाल्याशिवाय बस हलायची नाही. उद्या आत आग लागली, तर कुणाला शोधायचं ते त्या फळीवरनंच कळायचं.

पण आपली माणसं कशी असतात! दिवसभर उन्हात भाजून निघालेली. बसमधे बसलेली, घामानं चिकचिकलेली, आणि एकाचा बिल्ला फळीवर लोंबतोय. मग ओरड सुरू. अरे कोण राहिलाय? अरे काढा रे त्याचा, येईल मागच्या गाडीनं. आणि कुणीतरी दुसऱ्याचा बिल्ला काढून खिशात घालायचा. मदत म्हणून हो! सगळ्यात जास्त ही सवय शिगवणला. त्याला बस वेळेवर काढून दाखवायची असायची.

शांताराम पाष्टे आमच्यातलाच. आपल्या खाडीपलीकडचा, पारूकाकीचा एकुलता एक. टाक्या आतून धुवायचं काम त्याचं. शांत माणूस, रोज रात्री खाटेवर बसून आईनं दिलेलं लोणचं बोटानं चाटून खायचा, संपू नये म्हणून. ईदच्या आदल्या संध्याकाळी तो टाकीत उतरलेला. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी, सगळा प्लांट बंद, सगळ्यांना बाजारात जाऊन घरी फोन करायची घाई. फळीवर एकच बिल्ला उरला. शिगवण उतरला, बिल्ला काढला, म्हणाला, गेला असेल दुसऱ्या गाडीनं. फळी रिकामी. शिपायानं कुलूप लावलं. बस सुटली.

आणि शांताराम आत होता. टाकीतल्या वासानं त्याला भोवळ आली असणार. शुद्धीवर आला तेव्हा टाकीचं झाकण बाहेरनं बोल्ट आवळून बंद, आणि आसपास कुणी नाही. ईद संपून माणसं परत आली तेव्हा तो आत टाकीच्या तोंडाशी मेलेला सापडला, हातात पाना. आतला पत्रा त्यानं ठोकून ठोकून चेमटवला होता.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर चूक म्हटली असती. शिगवण साहेबाला काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, शांतारामनं स्वतःच बिल्ला काढला, आणि कामचुकार म्हणून चोरून झोपायला परत आत गेला. मेलेल्या माणसावर घातलं. पारूकाकीच्या दारात पेटी आली ती त्या बदनामीसकट.

आता त्या रात्रीकडं या. गेटावर दिलबहादूर नावाचा नेपाळी शिपाई होता, तो पाठमोरा चहा गाळत होता. मी माझा बिल्ला लावला, शिगवणनं त्याचा लावला. आणि बघतो तर फळीवर आधीच एक बिल्ला. रात्री आत कोण असणार? मी वाकून नंबर वाचला. शांतारामचा नंबर. मी म्हटलं, दिलबहादूरला विचारूया. शिगवणनं मला कोपरानं ढकललं, आणि काय केलं माहीत आहे? तो बिल्ला काढला. परत काढला! आणि खिशात टाकला.

आत पिकअप नेता येत नाही, चालायचं. एक वाट लांबची, दिव्यांखालून. एक जवळची, दोन टाक्यांच्या मधून. त्या दोनांतलीच एक शांतारामची टाकी. तो गेल्यापासून जवळच्या वाटेनं दिवसासुद्धा कुणी जात नव्हतं. मी म्हटलं लांबून जाऊ. शिगवण म्हणाला, मला घाई आहे. शिरला तो टाक्यांच्या मधे. मी मागनं.

वाळूत आमची पावलं वाजत होती. मी थांबलो. शिगवण थांबला. तिसरं पाऊल वाजलं आणि मग थांबलं.

मग टाकीतनं आवाज. टण. टण. टण. शिगवण म्हणाला, पत्रा थंड होताना वाजतो. पत्रा वाजतो खरा, पण तो असा दम घेऊन घेऊन वाजत नाही. मग मागचा दिवा गेला. मग त्याच्या पुढचा गेला. एकेक दिवा विझत आमच्या अंगावर यायला लागला. आणि शिगवणच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. त्यावर बोलायचे ते इंग्रजी, नाहीतर अरबी. हा आवाज मराठीत आला. आपल्या बोलीत.

"शिगवण, आत किती जण?"

शिगवणच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, दोघं. तर आवाज म्हणाला, "मोज."

पळालो आम्ही. पंप राहिला पंपाच्या जागी. सरळ वाट ती, पोरालाही चुकायची नाही. पळत पळत पुढं आलो तर समोर टाकीचं तोंड. परत फिरलो, पळालो, तर परत तेच तोंड. आणि दर वेळी झाकणाचे बोल्ट थोडे सैल झालेले. तिसऱ्यांदा आलो तेव्हा झाकण उघडंच होतं. आतनं असा गरम वास आला, माझं डोकं गरगरलं. मी डोळे मिटले, ग्रामदेवतेचं नाव घेतलं, कुंपणाची तार हाताला लागेपर्यंत आडवा धावलो. हे बघा, हाताला वण आहे अजून. शिगवण माझा सदरा धरून मागं.

गेटाला पोचलो. वाटलं सुटलो. पण खरा सूड तर तिथं होता.

फळीवर एकच बिल्ला. माझा. शिगवणचा नाही.

मी म्हटलं, दिलबहादूर, फाटक उघड, आम्ही दोघं आहोत. तो म्हणाला, साहेब तर कधीच गेले, बिल्ला नाही त्यांचा, तू एकटाच राहिलास, चल लवकर. शिगवण माझ्या बाजूला उभा! फाटकावर मुठी आपटतोय, दिलबहादूरच्या तोंडासमोर ओरडतोय. आणि दिलबहादूर त्याच्या आरपार बघतोय. त्याच्या हिशोबी आत कुणी नव्हतंच. शांतारामच्या वेळी जसं कुणी नव्हतं, अगदी तसं.

फाटक एका माणसापुरतं उघडलं. माझा एक पाय बाहेर. आणि मागनं शिगवणला कुणीतरी ओढायला लागलं. दिसत काही नव्हतं. नुसत्या त्याच्या टाचा वाळूत रुतत मागं जात होत्या, टाकीच्या दिशेनं. मी त्याचा सदरा धरून ठेवलेला, त्याची शिवण उसवत होती. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर वाटलं, जाऊ दे याला. याच लायकीचा आहे हा. पण हात सुटेना माझा.

मी म्हटलं, खरं ते बोलून टाक. तो रडत म्हणाला, चूक झाली, सगळेच काढतात बिल्ले. तसा तो आणखी हातभर मागं गेला. मी ओरडलो, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल! मग त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"शांतारामचा बिल्ला मी काढला. तो आत होता. झोपायला गेला नव्हता, कामावर होता. मी खोटं बोललो."

गेटावर, ऑफिसात, आम्ही राहायचो त्या कॅम्पात, जिथं जिथं वॉकीटॉकी होता तिथं ते गेलं. आपली माणसं खाटांवरनं उठून बसली. मग आवाज आला, दमलेला.

"माझ्या आईला सांग."

आणि दिलबहादूरच्या हातातला चहा सांडला. त्याला शिगवण दिसला. आम्ही दोघं बाहेर येऊन पडलो.

शिगवणची नोकरी गेली, लगेच गावी धाडला. पण गावी येऊन गडी गप्प. पारूकाकीकडं जायची हिंमत नाही. मग रोज रात्री त्याच्या घरातली भाताची कणगी वाजायला लागली. कणगी बांबूची हो, आणि वाजायची पत्र्यासारखी. बायको माहेरी निघून गेली. शेवटी गेला तो.

मी होतो सोबत, सुट्टीवर आलेलो. पारूकाकी ओटीवर कुळीथ निवडत होती. शिगवणनं सगळं सांगितलं, मान खाली घालून. काकी निवडत राहिली. मग विचारलं, "तो हाका मारत होता का रे?"

शिगवण म्हणाला, मला ऐकू नाही आल्या, मी बसमधे होतो.

काकी म्हणाली, "मला इथं ऐकू येत होत्या. ईदच्या त्या रात्री मी उठून दार उघडून बसले होते. लोक म्हणाले, म्हातारीला भास होतात." मग सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "सांगितलंस, झालं. आता माझ्या दारावरनं पुन्हा चालायचं नाही. त्यानं सोडलं असेल तुला. मी नाही सोडलेलं."

तुम्ही बघता ना, तो पांढऱ्या केसांचा माणूस बाजाराला खाडीच्या चिखलातनं जातो? चांगला डांबरी रस्ता आहे, पण तो पाष्ट्यांच्या दारावरनं जातो. काकी जाऊन वर्षं झाली, घर पडलं, तरी तो त्या रस्त्याला लागत नाही. पोरं हसतात त्याला. तुम्ही हसू नका, आणि त्याच्याबरोबर चालूही नका.

मंग्या, तुला नेतायत ते ठिकाण कुठलं मला ठाऊक नाही. पण तिथं टाक्यांच्या मधली जवळची वाट असली, तर लांबनं जा. अंधारात तर पाऊलसुद्धा टाकू नको. आणि बस कितीही खोळंबू दे, माणसं आईवरनं शिव्या देऊ देत, दुसऱ्याचा बिल्ला काढू नको. उतर, आत जा, आणि त्या माणसाला हाक मार.