शेरूच्या तोंडाचा फेस

शेरूला बेडकाने नाही मारलं, आमच्या आप्पांनी मारलं. आप्पा म्हणजे माझे मोठे काका. चहा प्या, पण त्यांची बाजू कोणी घेऊ नका.

शाहपूरच्या आमच्या केळीच्या मळ्यात शेरूने खरबरीत पाठीचा एक मोठा बेडूक तोंडात धरला आणि लगेच टाकून दिला. थोड्याच वेळात त्याच्या तोंडाला फेस आला. आप्पा ओरडले, "कुत्रं पिसाळलं! लांब हो रे!"

मी म्हणालो, "आप्पा, त्याने बेडूक चावलाय. त्या बेडकाच्या डोळ्यांमागच्या गाठींतून पांढरा चीक सुटतो. तो पोटात गेला की हृदयाचे ठोके बिघडतात. आत्ताच्या आत्ता तोंड धुऊ द्या त्याचं."

"कॉलेज अर्धवट सोडून घरी बसला, अन् आता मला डॉक्टरकी शिकवतो? पिसाळलेल्या कुत्र्याला पाणी दाखवलं का अंगावर येतं."

त्यांनी काठीने ढकलत शेरूला पाण्याच्या मोटारीच्या खोलीत कोंडलं, कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. मी पाया पडलो, मग शिव्या दिल्या. आप्पा खाटेवर बसून तंबाखू मळत राहिले. आत शेरू दारावर धडका देत होता आणि बाहेर माझ्या हातात पाण्याची चालू नळी होती.

आतला आवाज थांबला तेव्हा आप्पा उठले. दार उघडून म्हणाले, "बघ, मेला ना? म्हणजे पिसाळलेलाच होता."

माझा कुत्रा गेला.