समुद्राकाठची तूर

शेलूबाजारच्या स्टँडवर मंगरुळपीरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी मायलेक होते. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं त्याच्या.

"संघदीप, गाणं कवा सुरू होते?"

"सुरूच हाये माय. आमच्या अल्बममदी ना ढोलकी, ना शब्द."

"मंग हे सर्र सर्र काय होऊन राह्यलं?"

"थो समुद्र हाये. नॉर्वेतल्या माह्या दोस्तानं त्याच्या गावचा पाठवला. अर्धे आवाज त्याचे, अर्धे माहे. कम्प्युटरवर जोडले."

"अन् हे फटफट? थांब... हे तं माह्यं सूप हाये!"

"हळू बोल, सारं स्टँड आइकून राह्यलं."

"आइकू दे! मी समुद्राकाठी तूर पाखडून राह्यली नं बाप्पा!"

"पुढं आइक."

"अरे! बकरीले देल्ली थे शिवी बी ठेवली तुनं?"

"मी काढली होती. त्यानं परत टाकली. म्हने, याच्याबिगर मजा नाई. वाजवनाऱ्यांत तुह्यं नाव बी हाये. लिलाबाई, सूप."

"खरंच?"

"खरंच. ऊठ आता, गाडी लागली."

"जाऊ दे थे गाडी. माही तूर पाखडून व्हायची हाये अजून."