धक्के देणारा पंप

…आणि पंप माझा होता, हे कोणी लक्षातच घेत नाही. मला हेवा वाटत नाही हं, मुळीच नाही, पण तुम्हीच सांगा, मी मोडीत काढलेला पंप उचलून दुसऱ्यानं नाव कमवायचं?

तुम्हाला सांगते, आमच्या प्रयोगशाळेतलं काम साधं. जेलची एक मऊ वडी, तिच्यातून जाणारी, पाणी झिरपू देणारी नळी, नळीत निळं पाणी. नळी म्हणजे रक्तवाहिनी, वडी म्हणजे शरीरातलं मांस, निळा रंग म्हणजे औषध. ते आत किती खोल जातं, एवढंच मोजायचं. आता माझा पंप धक्के द्यायचा. पाणी संथ वाहावं म्हणून सहा महिने त्याच्याशी झटले, शेवटी नवा मागवला. पाणी कसं, तेलाच्या धारेसारखं… आणि रंग गेला किती? दोन मिलिमीटर. आई फोनवर म्हणते, "अगं, मग जरा जोरात सोड ना." सोडलं. तरी दोनच.

इतक्यात शेजारच्या टेबलावरचा तो, आमच्या प्रमुख मॅडम ज्याला 'गुणी' म्हणतात तो, येतो. "ताई, तुमचा जुना पंप घेऊ का?" घे बाबा. त्यानं लावला. पाणी तेवढंच, पण नळी फुगतेय, आकसतेय, आणि रंग पाच मिलिमीटर आत. मला हेवा वाटत नाही, पण हृदय धक्के देतं हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या छातीत तेव्हा तेच चाललं होतं.

त्यात परिषदेला एकच जागा. दोन वर्षं मी तिच्यावर डोळा ठेवून. मॅडम मला म्हणाल्या, "त्याच्या एका वडीवर कसा विश्वास ठेवू? शुक्रवारपर्यंत खात्री पटली नाही तर त्याच्याऐवजी तू जा."

म्हटलं, मीच तपासते. विज्ञानासाठी हो, दुसरं काय… बारा वड्या ओतल्या, प्रत्येक वडी स्वतः कापली, पट्टीसुद्धा बदलून पाहिली. पाच. पाच. पाच पूर्णांक एक. एकदा वाटलं, तीन लिहावं. पेन टेकवलंही. पण औषध आत पोचतंय हो, उद्या खरोखरच्या माणसात पोचेल… लिहिलं, पाच.

मॅडम खूश. "आता कोणाची शंका घ्यायची हिंमत नाही." गुणी निघाला परिषदेला. जाताना विचारतो, "ताई, इतकं कसून कोणी तपासलं असं तिथं विचारलं, तर काय सांगू?"

म्हटलं, सांग, एका निःपक्षपाती व्यक्तीनं.