दीड फूट कमी कील

जबाब देणार: शिडाच्या होड्यांचा मिस्त्री, वय ५७, धंदा होड्या बांधणे व दुरुस्ती, राहणार धक्क्यामागची गल्ली, कारखान्याच्या वरची खोली.

समक्ष हजर राहून सांगतो की, सोमवारी याच टेबलासमोर मी जबाब दिला. मेहुण्याला सुकाणू सांभाळता आले नाही म्हणून होडी खडकावर गेली, असे मी म्हणालो. ते खोटे आहे. आज मला कोणी बोलावलेले नाही.

मेहुणा म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. त्याची होडी रंगकामासाठी माझ्याकडे होती. तिची कील, म्हणजे तळाखालचा उभा पाटा, चार फूट खोल होती. माझ्या धक्क्याला ओहोटीत तीनच फूट पाणी राहते. दर वेळी भरतीची वाट बघत हात चोळत बसावे लागे. मी वैतागून कील दीड फुटाने कापली आणि खाली शिसे वाढवले, म्हणजे होडी उभी राहील. त्याला विचारले नाही. विचारले असते तर तो नाही म्हणाला असता. तो येण्याआधीच होडी पाण्यात सोडली.

चाचणी मागून वारा असताना घेतली. तेव्हा उथळ कीलही चालते, उलट होडी हलकी पळते. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुमच्या हाताला तोड नाही!" मी ते कौतुक खुशाल घेतले.

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जायचे तर शिडाची होडी तिरके टप्पे घेत न्यावी लागते. वारा तिला आडवी ढकलतो, खोल कील तिला धरून ठेवते. कील उथळ असेल तर नाक पुढे आणि होडी बाजूला, अशी गत होते. हे मेहुण्याला मीच शिकवले आहे.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास तो एका शिक्षिकाबाईंना घेऊन परतत होता. वारा किनाऱ्याकडून, म्हणजे त्याच्या समोरून होता, आणि पाण्यातला खडक वारा ढकलतो त्या बाजूला होता. मी धक्क्यावरून पाहत होतो. त्याने टप्पे बरोबर घेतले. प्रत्येक टप्प्याला होडी खडकाकडे सरकत गेली. कारण मला तिथेच कळले. बाईंचा पाय होडी आणि खडकामध्ये चिरडला. जमलेल्या लोकांना मीच प्रथम म्हणालो, "याला सुकाणू धरता येत नाही."

सोमवारी गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. बाहेर पडताना त्याने माझा हात धरला. "भाऊजी, माझं नेमकं कुठे चुकलं? तुम्ही शिकवलंत तसंच केलं हो." मी म्हणालो, "तुझा हातच जड आहे." त्याने मान डोलावली. आता तो होडीत पाऊल ठेवणार नाही म्हणतो. पत्नी मला दोन्ही वेळा जेवायला वाढते आणि भावासाठी रडते. मला माझीच लाज वाटते. कील मोजून घ्यावी. कापलेला तुकडा माझ्या कारखान्यात फळ्यांखाली आहे.

हवालदारांनी हे सर्व मोठ्याने वाचून दाखवले. मेहुणा हजेरीसाठी आलेला होता, बाहेरच्या बाकावर बसला होता. वाचण्याआधी दार लावू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो, कारण त्याला समोर बसवून सांगण्याची माझी छाती नाही. लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.