दोन लाल गोल

मी मुलींचे कागद पेन्सिलनं का तपासते विचारताय, तर ऐका. निपाणीत मी मुलींना नोकरीसाठी ट्रेनिंग देते, तिथं बोरगावची सुरेखा यायची. बी.कॉम. झालेली, आई विड्या वळणारी. तिच्या बायोडाटावर मी लाल पेनानं दोन गोल केले आणि कागद परत दिला. तिनं तो शांतपणे फाडला.

"का फाडलास गं?"

"वाईट निघाला न्हवं, मॅडम? आईच्या विड्या तपासणारे अण्णा वाईट विडी तिच्यासमोरच मोडून टाकत्यात."

"मग आई काय म्हणती?"

"काय म्हणणार? दुसरी वळाय घेती."

मी म्हटलं, "अगं, दोन शब्द तेवढे बदलायचे होते."

ती खाली बसून तुकडे गोळा करायला लागली. म्हणाली, "म्हणजे हे दुरुस्त होतंय व्हय?"