बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या

—नाही हो, डॉक्टर फू आत नाहीत, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख दुआनसर, त्यांच्याकडे गेल्यात, येतील एवढ्यात. बसा. तुमच्या गव्हाच्या गोदामातले किडे औषधाला दाद देत नाहीत, म्हणूनच आलात ना? सगळे त्यासाठीच येतात—आणि सगळे तिलाच विचारतात. मी? मी छियाओ ग्वेइलान. हे किडे मीच पाळते, एकोणीस वर्षं. पीठ चाळायचं, त्यात यीस्ट घालायचं, बाटल्या ऊबेत ठेवायच्या—अहो, ऐन थंडीत सगळ्या झेंगझोऊ शहराची वीज गेली तेव्हा मी यांच्या बाटल्या कोटात घेऊन बसले होते! आणि वेनजिंग? डॉक्टर फू हो, मी वेनजिंगच म्हणते—ती आली तेव्हा तिला अळी धरता येत नव्हती, चिरडायची. केसाएवढी सुई कुठून टोचायची, कुणी शिकवलं? मी. सर तेव्हा म्हणायचे, ग्वेइलानच्या हाताला तोड नाही. आता म्हणतात, वेनजिंगचे हात! खिडकीजवळची जागासुद्धा तिलाच.

तिनं काय केलं, तर किड्याच्या अंगात विष मोडून टाकणारं एक जनुक असतं, ते सुई टोचून गप्प करायचं. मग थोड्याशा औषधानंही किडा मरतो; तुलनेला नुसतं पाणी टोचलेले मात्र जगतात. मेले की! दोनदा मेले. तिसऱ्यांदा तेच झालं की लेख छापायला जाणार, आणि लेखाच्या मसुद्यात माझं नाव कुठे? शेवटी, आभारात, वीज दुरुस्त करणाऱ्याच्या खाली. खाली हो! वाचलं आणि डोकंच फिरलं माझं. मग काय केलं? काही नाही—बाटल्यांवरच्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल. जनुक गप्प केलेल्यांची पाणी टोचलेल्यांच्या बाटलीवर, त्यांची यांच्यावर. औषध दिल्यावर सगळं उलटं—ज्यांच्यावर पाण्याची चिठ्ठी ते पटापट मेले, दुसरे मजेत पिठात फिरतायत. वाटलं होतं, दोन दिवस तोंड उतरेल तिचं, एवढंच.

तिला संशयच आला नाही. माझा तर नाहीच. म्हणाली, "ताई, माझाच हात चुकला असणार." आणि पुन्हा पहिल्यापासून—तीनशे अळ्या, एकेक. नव्या वर्षाच्या सणाला सगळे घरी गेले, ही इथेच. तिकडे गावी, लुओहला, वडील आजारी होते तिचे, रोज फोन करायचे, कधी येतेस? ही म्हणायची, एवढ्या अळ्या झाल्या की आलेच, बाबा. मी ऐकायचे—इथेच उभी राहून पीठ चाळत ऐकायचे. सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. नाही सांगितलं. सण संपून नवव्या दिवशी ते गेले. रडत रडत माझ्याच हातात बाटल्या दिल्या तिनं, म्हणाली, "ताई, तुमच्याशिवाय कुणावर सोडू?"

सांभाळल्या की. जिवापाड सांभाळल्या. या खेपेला मेले सगळे तिच्या म्हणण्याप्रमाणे. लेख छापला, नाव झालं. आणि खरं सांगू? तरीही—इतकं होऊनही—कुणी तिचं नाव घेत आलं की माझा अजून जळफळाट होतो. तुम्ही आत आलात तेव्हाही झाला. नवरा म्हणतो, सोड आता—त्याला काय माहीत? त्याला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तुम्हाला का—

असं काय बघताय? पाहुणे आहात तुम्ही, मी आपली बडबड... हे बघा, तिच्याजवळ यातलं—

आलीस, वेनजिंग? हे गोदामाचे साहेब, केव्हाचे थांबलेत. मी? काही नाही गं, किड्यांविषयीच बोलत होते. जा साहेब, जा तुम्ही आत.